साठीनंतरची पहिली ई-सायकल: मोटर नंतर बघा, आधी चढता-उतरता येतं का ते बघा

प्रश्न मुलुंड पूर्वेच्या एका ताईंचा आहे. वय ६२, शाळेतून निवृत्त, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. गुडघ्यांची झीज सुरू झालेली, डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलेलं. सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात असताना. भाजी, वाचनालय, बँक आणि आठवड्यातून एकदा भांडुप पश्चिमेला बहिणीकडे, एवढीच धाव. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट जेमतेम तीन माणसांची. बजेट ५० हजार. पुण्याच्या मुलाने जाड टायरची, एका चार्जमध्ये ८० किलोमीटर रेंजची एक सायकल हेरून ठेवली आहे. ताई विचारतात, ही घेऊ का, की सरळ इलेक्ट्रिक स्कूटरच बरी?

ताई, स्कूटरचं पुढे सांगतो. पण मुलाने हेरलेली सायकल घेऊ नका. सायकल वाईट आहे असं नाही. तुमच्या वयाच्या, बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला ज्याची खरी गरज असते, ते जाहिरातीत छापलेलंच नसतं. तिथे रेंज, वेग आणि मोटर असते. तुम्ही सायकल वापराल की महिन्याभरात जिन्याखाली लावून ठेवाल, हे ठरतं बसताना, निघताना आणि थांबताना. मधल्या रस्त्यावर ई-सायकल कुणालाही जमते.

दुरुस्तीला आलेली सायकल बघूनच मालक कसा पडला ते कळतं. वेगात आपटलेल्या सायकलीचं पुढचं चाक आणि ते धरणारा फोर्क वाकतो. जागच्या जागी आडवी झालेल्या सायकलीचा ब्रेकचा लिव्हर आत वळलेला असतो, पेडलची कड घासलेली असते, डिस्प्लेची काच एका कोपऱ्यात तडकलेली असते. साठीपुढच्या गिऱ्हाइकांच्या सायकली बहुतेक या दुसऱ्या जातीच्या. सिग्नलला पाय टेकवायला गेले आणि टेकला नाही, गेटमधून बाहेर काढताना ओझं एका बाजूला गेलं, उतरताना पाय दांड्याला अडकला. वेग शून्य, पण मनगट किंवा खुबा दुखावायला तेवढं पुरतं.

म्हणून आधी फ्रेम. पाय मागून फिरवून सीटवरून पलीकडे टाकावा लागतो ती सायकल तुमच्यासाठी बाद. मधला दांडा खाली झुकलेली हवी. दुकानात तिला स्टेप-थ्रू म्हणतात, जुने दुकानदार अजून लेडीज फ्रेम म्हणतात. (काकांना हा शब्द ऐकला की अपमान वाटतो. खुब्याचं ऑपरेशन झालेले काका मात्र दुसऱ्या फेरीत मुकाट्याने तीच घेतात.) दुकानात टेप मागून जमिनीपासून दांड्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ४५ सेंटीमीटरच्या आत असेल तर पाय उचलून सरळ आरपार नेता येतो. हे रोजच्या कपड्यांत करून बघा आणि कॅरिअरवर पाच किलोची पिशवी बांधून बघा, कारण मंडईतून निघताना ती असणारच आहे. पंजाबी ड्रेस घालून चालवणार असाल तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड बसतं का ते विचारा. मागे डिस्क ब्रेक असलेल्या सायकलींना साडीगार्ड सरळ बसत नाही, मेकॅनिकला क्लिपा वाकवून जुळवावं लागतं. तेवढं करून घ्या. ओढणी चाकात गेली की ब्रेक लावायलाही वेळ मिळत नाही.

बॅटरी कुठे आहे तेही बघा. काही स्टेप-थ्रू सायकलींत ती मागच्या कॅरिअरखाली असते. मागच्या चाकात मोटर, वर बॅटरी, त्यावर भाजी, असं सगळं वजन मागे आणि उंचावर जातं, आणि स्टँडवर उभी सायकल नुसत्या धक्क्याने कलंडते. सीटच्या दांड्याच्या मागे उभी बसवलेली किंवा फ्रेमच्या नळीत असलेली बॅटरी बरी. ती काढता येणारी हवी, याबाबत मुंबईत तडजोड नाही. का ते पुढे येईल.

आता निघण्याचं. तुमच्या बजेटात मिळणाऱ्या बहुतेक सायकलींना पेडल फिरतंय का एवढंच ओळखणारा सेन्सर असतो, त्याला केडन्स सेन्सर म्हणतात. पेडलच्या मुळाशी लोहचुंबकांची एक चकती असते, ती फिरली की मोटरला निरोप जातो. तुम्ही पेडल किती जोराने दाबलं ते त्याला कळत नाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. निघताना पाव-अर्धा फेरा सगळं वजन तुम्हालाच ओढावं लागतं आणि मग मोटर एकदम ढकलते. पेडल थांबवलं तरी मोटर क्षणभर चालू राहते. सरळ रस्त्यावर याचं काही वाटत नाही. अरुंद गल्लीत वळताना, पाय सवयीने फिरत असताना, तो धक्का आला की सायकल वळणाबाहेर जाते. दुसरा प्रकार टॉर्क सेन्सरचा. तो पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत करतो आणि ज्येष्ठांसाठी तोच उत्तम. पण तो बहुतेक महागड्या सायकलींत येतो. बजेटात मिळाला तर डोळे मिटून घ्या. नाही मिळाला तर केडन्सवाल्यातच मदतीच्या पहिल्या पातळीचा धक्का सौम्य असलेली सायकल शोधा (मोटरची मदत बटणाने एक, दोन, तीन अशी कमी-जास्त करता येते). एकाच किमतीच्या दोन सायकलींत इथे जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो चालवल्याशिवाय कळत नाही.

यावर उतारा ब्रेकच्या लिव्हरमध्ये आहे. चांगल्या ई-सायकलच्या दोन्ही लिव्हरांत कट-ऑफ स्विच असतो, लिव्हर जरा ओढला की मोटर बंद. दुकानात मागचं चाक उचलून धरायला सांगा, मोटर चालू करा आणि दोन बोटांनी लिव्हर हळूच ओढा. ब्रेक चाकाला लागण्याच्या आधी मोटरचा आवाज थांबला पाहिजे. पुढचा आणि मागचा, दोन्ही लिव्हर तपासा. एक जरी चालत नसेल तर ती सायकल तशी घरी नेऊ नका. हा स्विच नीट असेल तर वळणावर दोन बोटं लिव्हरवर ठेवायची सवय लावता येते आणि मग तो धक्का तुमच्या हातात राहतो. ब्रेक डिस्कचे घ्या, तारेचे चालतील. हायड्रॉलिक असतील तर बोटांना कष्ट कमी, संधिवात असलेल्यांना मी तेच सुचवतो. लिव्हर तुमच्या बोटांना पोचतो का ते बघा. त्याच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.

थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी पिळायची मूठ, असावी. गुडघा कुरकुरत असताना सिग्नलवरून पहिले चार-पाच फूट थ्रॉटलने निघून मग पेडल मारणं फार सोयीचं. पण बिल्डिंगच्या पार्किंगमधून सायकल हाताने बाहेर काढताना स्विच बंद हवा. चालू सायकल उजव्या मुठीला धरून ओढली की मूठ पिळली जाते आणि सायकल पुढच्या गाडीवर जाऊन आदळते. नातू हँडलशी खेळत असला तरी हेच. सायकल हाताने ढकलण्यासाठी बऱ्याच मॉडेलांत वॉक मोड असतो, बटण दाबून धरलं की सायकल ताशी सहा किलोमीटरने आपल्या बरोबर चालते. रॅम्प चढवायला तो वापरा.

वजनाकडे येतो, कारण जाड टायरची सायकल मी तिथेच नापास करतो. साधी ई-सायकल २० ते २३ किलोंची, चार इंची जाड टायरवाली त्याहून बरीच जड. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईंनी ती स्टँडवर चढवणं, वळवून लावणं, शेजाऱ्याच्या स्कूटरमागून काढणं, हे रोज दोनदा. तुमच्या लिफ्टमध्ये तर ती जाणारच नाही. वर, जाड टायरमधली हवा थोडी कमी झाली की हँडल जड होतं आणि सायकल आपल्याच मनाने वळू बघते. रेती आणि कच्च्या रस्त्यासाठी ते टायर छान आहेत. मुलुंडच्या पेव्हर ब्लॉकला पावणेदोन ते सव्वादोन इंची टायर आणि सीटच्या दांड्यात स्प्रिंग, एवढं पुरे. चाक २६ इंची घ्या. २० इंची चाक आपल्याकडच्या खड्ड्यांत फारच आत जातं. २९ इंचीवर तुमचा पाय टेकणार नाही.

मोटर सगळ्यांची साधारण सारखीच, २५० वॉटची, मागच्या चाकाच्या तुंब्यात (हबमध्ये) बसवलेली. "माझं वजन ओढेल का?" असा प्रश्न हमखास येतो. हिशेब करून सांगतो. तुम्ही ७८, सायकल २२ आणि पिशवी पाच, म्हणजे १०५ किलो. नाहूरच्या पुलासारखा चढ चार टक्क्यांचा धरला आणि ताशी दहाच्या वेगाने चढलात, तर चाकापाशी साधारण दीडशे वॉट लागतात. मोटर तेवढे देते आणि वर तुमच्या पायांचे पन्नास-साठ असतातच. आठ टक्क्यांच्या चढाला हाच आकडा अडीचशेच्या पुढे जातो, तिथे ही मोटर दमते. मलबार हिल किंवा ठाण्याच्या येऊरचा रस्ता रोजचा असता तर पेडलपाशी मोटर असलेली मिड-ड्राइव्ह घ्या म्हणालो असतो, पण तिची किंमत तुमच्या बजेटच्या बाहेर. तुम्हाला तिची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा की तुंब्यातली मोटर फार हळू फिरली तर ताकद कमी देते आणि तापते जास्त. म्हणून चढाच्या आधीच हलका गिअर टाका आणि पुलाच्या मध्यावर थांबू नका. सात गिअरवाली घ्या. बिनगिअरची दोन-तीन हजारांनी स्वस्त पडते, पण बॅटरी संपली की ती ओढताना गुडघे शिव्या देतात.

रेंजचा आकडा कसा वाचायचा? बॅटरीवर व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर) छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा, बॅटरीत किती वीज मावते ते कळतं. ३६ व्होल्ट आणि ७.८ एएच म्हणजे सुमारे २८० वॉट-अवर. तुमच्या वजनाला, मधल्या मदतीवर, आपल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत किलोमीटरला दहा-बारा वॉट-अवर जातात. म्हणजे २३ ते २८ किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर चालवलीत तर पंधराच्या आसपास. छापलेली रेंज हलक्या माणसाची, सपाट रस्त्याची आणि सगळ्यात कमी मदतीची असते. मुलुंड पूर्वेतून भांडुपला जाऊन परत यायला या बॅटरीला अडचण नाही, दोन-तीन वर्षांनी तिची ताकद पाचव्या हिश्शाने घटली तरीसुद्धा. ८० किलोमीटरच्या बॅटरीचे पैसे द्यायचे आणि तिचं ओझं रोज घरी वाहायचं, हे कशासाठी?

बॅटरी काढता येणारी हवी म्हणालो ते चार्जिंगसाठी. मुंबईत पार्किंगमध्ये प्लग बसवून घ्यायचा तर सोसायटीची मीटिंग, मग मीटर कुणाचा यावरून वाद. काढता येणारी बॅटरी दोन-अडीच किलोंची, पिशवीत घालून घरी न्यायची. पूर्ण चार्ज व्हायला चार-पाच तास आणि पाव ते अर्धा युनिट, म्हणजे पाच रुपयांच्या आत-बाहेर. चार्जिंग तुम्ही जाग्या असताना करा. बॅटरी फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा, गादी-सोफ्यावर नको, आणि घराच्या एकमेव दाराच्या वाटेत तर नकोच. उन्हातून आल्या आल्या लावू नका, अर्धा तास निवू द्या. चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरा. ३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्ट देतो. पिन बसते म्हणून ४८ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर लावला तर अनर्थ होतो. महिनाभर मुलाकडे पुण्याला जाणार असाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली की ती लवकर म्हातारी होते. आणि पडलेली, फुगलेली किंवा पाण्यात गेलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही.

पावसाचं वेगळं सांगायलाच हवं. कागदपत्रांत आयपी नावाचा आकडा असतो. त्यातला दुसरा अंक पाण्याचा. ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. मोटर, बॅटरी आणि डिस्प्ले यांचे आकडे वेगवेगळे असतात आणि दुकानदार त्यातला सगळ्यात मोठा सांगतो, म्हणून तिन्ही विचारा. २६ इंची चाकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ३३ सेंटीमीटरवर असतो. म्हणजे पाणी गुडघ्याला लागण्याच्या आधीच मोटर बुडालेली असते. भांडुपला एलबीएस मार्गावर पाणी तुंबलं की सायकल बाजूला लावा आणि बहिणीकडे चहा घ्या. रिमझिम पावसात चालवायला हरकत नाही, पण ओले पेव्हर ब्लॉक, गटारांची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे रंगाचे जाड पट्टे यांवर वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही, सरळ जायचं. घरी आल्यावर पुसा, चेनला तेल द्या. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका. आपली खारट हवा चेन आणि स्पोक खाते, तेव्हा मे महिन्यात आणि गणपतीनंतर अशा दोन सर्व्हिस कराच.

गुडघ्यांचा एक पेच आहे. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवली की गुडघा जास्त वाकतो आणि पुढून दुखायला लागतो. गुडघ्याला सोयीची उंची म्हणजे टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय जवळजवळ सरळ व्हावा. त्या उंचीला सीटवर बसून तुमचे फक्त चवडे टेकतील, कदाचित तेही एकाच बाजूचे. मी असं सुचवतो: पहिले पंधरा-वीस दिवस सीट खाली, मदत एक नंबरवर, अंतर कमी. थांबताना सीटवरून पुढे सरकून दांड्याच्या आरपार उभं राहायची सवय लागली की दर आठवड्याला एक बोटभर वर घ्या. स्टेप-थ्रू फ्रेमचा खरा फायदा इथेच दिसतो, कारण थांबताना सीट सोडता येते. चालवताना पाय भराभर आणि हलके फिरू द्या. जड गिअरमध्ये हळूहळू दाबत बसलात तर मोटर असूनही गुडघा बोलेल. सीट रुंद हवी, पण लोण्यासारखी मऊ नको, अर्ध्या तासात बधिरपणा येतो. हँडल उंच, म्हणजे मान वर करावी लागणार नाही.

चक्कर येत असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, अँजिओप्लास्टी झाली असेल किंवा मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना सायकल म्हणजे रस्त्यावरची सायकल असं स्पष्ट सांगून विचारा. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा घरातली व्यायामाची सायकल असते. चालवताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर योग्य. हेल्मेट सायकलचं घ्या, ईएन १०७८ हे युरोपचं मानक लिहिलेलं. स्कूटरचं घालून मे महिन्यात पेडल मारणं अशक्य आहे.

इतक्या वर्षांनी बसताय तर पहिले दिवस मोटर विसरा. एखादी साधी, लहान सायकल मिळवा, तिची पेडलं काढून टाका, सीट खाली करा आणि सोसायटीच्या आवारात दोन्ही पायांनी ढकलत फिरा. तोल परत येतो, बहुतेकांचा लवकरच येतो. मग पेडलं, मग ई-सायकल मोटर बंद करून, मग एक नंबर. निघताना दोन्ही ब्रेक धरून बसायचं, उजवं पेडल थोडं वर-पुढे आणून त्यावर पाय, मग ब्रेक सोडून दाबायचं. रविवारी सकाळी सहाच्या सुमारास तुमच्या गल्लीत हे निवांत होईल. तोल येतच नसेल तर मोठ्यांची तीनचाकी ई-सायकल हा पर्याय आहे. पण ती वळणावर झुकत नाही, वेगात वळवली तर आतलं चाक उचललं जातं, आणि तुमच्या पार्किंगमध्ये तिला जागा कोण देणार?

स्कूटरचं आता सांगतो. तिचं वजन सहज शंभर किलोंच्या आसपास, व्यायाम शून्य, आणि डॉक्टरांनी सांगितलं ते राहूनच जातं. सायकलला, मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तोवर, नोंदणी, नंबरप्लेट, लायसन्स काही लागत नाही. "मॅडम, २५ चं लॉक काढून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. लॉक काढलेली सायकल कायद्याने मोटर वाहन होते, तीही बिननोंदणीची आणि बिनविम्याची, आणि अपघात झाला तर तुम्ही एकट्या. सायकल आहे म्हणून कुठेही जाता येतं असंही नाही. कोस्टल रोड आणि सी-लिंक सायकलींना बंद आहेत. पवई तलावाकाठचा सायकल ट्रॅक बघून या असं तुम्हाला आनंदाने सांगितलं असतं, पण ते काम उच्च न्यायालयाने २०२२ मध्येच बेकायदा ठरवलं. तेव्हा आपल्याला गल्ल्या आणि पहाट. एलबीएसवर गाड्यांच्या गर्दीत शिरू नका, आतले रस्ते धरा, पाच मिनिटं जास्त लागू देत.

ब्रँडचं विचाराल तर हीरो लेक्ट्रो, ई-मोटोराड, स्ट्रायडर, नाइन्टी वन ही नावं मुंबईत सहज मिळतात आणि ३० ते ५० हजारांत तुमच्या कामाची सायकल बसते. माझ्या लेखी नावापेक्षा दुकानाचं अंतर मोठं. सायकल हाताने ढकलत नेता येईल एवढ्या टप्प्यात तिचा कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा डबा) आणि डिस्प्ले बदलून देणारा माणूस हवा. ती बंद पडली तर टेम्पो करावा लागतो. दुकानदाराला विचारा की या मॉडेलचा कंट्रोलर आत्ता दुकानात आहे का, आणि उत्तर देताना तो आत जाऊन बघतो की नुसती मान हलवतो ते पाहा. खोक्यातून घरी येणारी, उरलेली जोडणी स्वतः करायची सायकल पहिली म्हणून नको. जुन्या सायकलीला मोटरचं किट बसवणंही नको, तिचे ब्रेक त्या वजनासाठी नसतात. सेकंडहँडमध्ये बॅटरी कधीची आहे ते कळत नाही आणि नवीन बॅटरीला दहा-पंधरा हजार सहज जातात.

पंक्चरचंही विचारून ठेवा. मोटरच्या तुंब्याचं चाक खोलायला जाड पाना लागतो आणि वायरीचा कनेक्टर सोडवावा लागतो, म्हणून कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ई-सायकल बघितली की "ये नहीं होगा" म्हणतो. त्याला सांगा, चाक काढू नकोस, टायरची एक बाजू उतरवून ट्यूब बाहेर ओढ आणि तिथेच ठिगळ लाव. बहुतेक पंक्चर अशीच निघतात. हवा आठवड्यातून एकदा बघा. हवा कमी झाली की पंक्चरही वाढतात आणि रेंजही घटते.

ट्रायल दुकानाच्या फुटपाथवर घेऊ नका. पुलापर्यंत न्या, चढावर एकदा मुद्दाम थांबून परत निघून बघा, आणि येताना दोनशे मीटर मोटर बंद करून चालवा. ती दोनशे मीटर जड पण शक्य वाटली पाहिजेत. दुकानदार ओळखपत्र ठेवून घेईल, घेऊ दे. पसंत पडली तर बिलावर फ्रेम नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचा सिरिअल नंबर हे तिन्ही लिहून घ्या, आणि वॉरंटी बॅटरीवर किती, मोटरवर किती, हे वेगवेगळं लिहून शिक्का मारून घ्या. बॅटरीच्या वॉरंटीसाठी बहुतेकदा त्या सिरिअल नंबरची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती दुकानातून निघण्याआधी, त्याच्याच काउंटरवर, मुलाला फोन लावून करून घ्या.